होळीच्या आत उरकायची बागेतली कामं: गच्ची-बाल्कनीवाल्या नवशिक्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. परदेशी व्हिडिओ बघून "थंडी संपली, वसंत आला, आता निवांत बाग सुरू करू" असं ठरवलं असेल तर ते लंडनवाल्यांना ठीक आहे, त्यांच्याकडे पुढे सहा महिने बरं हवामान असतं. आपल्याकडे थंडी गेली की थेट भाजणारं ऊन येतं, मधला वसंत म्हणजे पळस आणि काटेसावर फुललेली दिसते तेवढाच. पुण्यात फेब्रुवारीत दुपारी ३०-३२ अंश असतं आणि एप्रिलमध्ये तेच ३८-४० वर जातं. म्हणजे आपल्या हातात जानेवारी अखेर ते मार्चचा पहिला आठवडा एवढाच वेळ आहे.

त्यातून नियम एकच निघतो: झाडाच्या मुळांना हात लागेल असं जे काही काम आहे ते होळीच्या आत करायचं. कुंडी बदलणं, मुनवे (बुंध्याशी फुटलेली पिल्लं) वेगळे करणं, जुनी माती काढणं, सगळं. "होळी जळाली, थंडी पळाली" म्हणतातच, आणि थंडी पळाल्यावर दुखावलेल्या मुळांना पानांसाठी पुरेसं पाणी ओढता येत नाही, झाड दोन दिवसांत मान टाकतं. अर्थात होळी अधिक महिन्यामुळे कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी पार शेवटी, तेव्हा होळी उशिरा असली तरी मार्चचा पहिला आठवडा हीच लक्ष्मणरेषा धरा. नागपूर-अकोल्याकडच्यांनी अजून आठ-दहा दिवस अलीकडे सरका, नाशिककरांना थोडी सूट आहे.

खाली सगळं पुण्याच्या हिशेबाने लिहिलंय आणि कुंड्या-ग्रो बॅगा (झाडं लावायच्या जाड पिशव्या) डोळ्यासमोर ठेवून, जमिनीवरच्या बागेला यातलं बरंचसं लागू होतं पण तिथे इतकी घाई नसते.

आधी सामान जमवा

- चांगली छाटणीची कात्री. घरातली कापडाची कात्री नको, फांदी चेचली जाते आणि तिथून कुजते.
- खुरपं, आणि कुंडीच्या कडेने फिरवायला जुना चाकू किंवा उलथणं
- पोयट्याची किंवा लाल माती, पोतंभर. निव्वळ काळी माती कुंडीत नको, उन्हाळ्यात वाळून दगड होते, तिला भेगा पडतात आणि पाणी कडेने निघून जातं.
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. विटेसारखी वीट मिळते, आदल्या दिवशी बादलीत भिजवा, पाणी एकदा बदला कारण त्यात खार असतो.
- निंबोळी पेंड (कडुनिंबाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा), नीम ऑइल, स्प्रे बाटली
- वाळका पालापाचोळा, जितका मिळेल तितका
- पन्नास टक्क्यांची (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेट आणि बांधायला दोरी

शेणखताबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे फसवणूक फार होते. नर्सरीतून आणलेलं पोतं उघडा आणि वास घ्या. शेणाचा किंवा अमोनियाचा उग्र वास आला, हात घातल्यावर गरम लागलं किंवा शेणाचे गोळे दिसले तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत मुळं भाजतं, शिवाय त्यातून हुमणी येते, ती पांढरी जाड इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, जी आतल्या आत मुळं खाते आणि वर आपण "पाणी कमी पडलं का" म्हणत बसतो. चांगलं कुजलेलं खत भुसभुशीत, काळपट आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचं असतं. कच्चंच मिळालं तर कोपऱ्यात ओलसर ठेवून दोन-तीन महिने कुजू द्या, तोवर गांडूळखतावर भागवा.

१. पाहणी: मेलेलं कोण आणि झोपलेलं कोण

कात्री हातात घ्यायच्या आधी एक फेरी मारा. या दिवसांत बरीच झाडं मेल्यासारखी दिसतात आणि नवीन माणसं ती उपटून फेकतात. चाफ्याला एकही पान नसतं, नुसत्या जाड काठ्या उभ्या असतात, ते अगदी नॉर्मल आहे. अडेनियम उघडं पडतं, डाळिंब-अंजीर पानं गाळतात, कढीपत्ता पिवळा पडून रडका दिसतो. शंका आली तर फांदीवर नखाने जरासं खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे, तपकिरी कोरडं असेल तर अजून खाली खरवडा, बऱ्याचदा वरचा टोकाचा भागच मेलेला असतो.

रिकाम्या दिसणाऱ्या कुंड्यांचं तर विशेष सांभाळा. फुटबॉल लिली म्हणजे मे फ्लॉवर हिवाळ्यात पूर्ण जमिनीखाली जाते, वर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि कोणीतरी "ही कुंडी रिकामीच आहे" म्हणून त्यात कोथिंबीर पेरतं. एप्रिल-मे मध्ये तिथून लाल चेंडू येणार असतो. अशा कुंड्यांवर खडूने नाव लिहून ठेवा, पाणी अगदी नावाला द्या. जास्त पाण्याने कंद आत सडतात.

हळद लावली असेल तर पानं पूर्ण वाळल्यावर आत्ताच काढायची. चांगले गड्डे बियाण्याला सावलीत ठेवा, ते मे-जूनमध्ये परत लावता येतात.

२. छाटणी: कोणाची करायची आणि कोणाला हात लावायचा नाही

सोसायटीचे माळीकाका एका रविवारी येतात आणि सगळी झाडं एकाच उंचीला कापून जातात, ते होऊ देऊ नका. प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं असतं.

मोगऱ्याचं मात्र आत्ताच करायचं, आणि नीट करायचं, कारण उन्हाळ्यात फुलं मिळणार की नुसती पानं हे इथे ठरतं. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नवीन फुटव्याच्या टोकाला, म्हणजे जितके नवीन फुटवे तितकी फुलं. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी कमी करा, बंद नाही, कमी. पानं थोडी मलूल, पिवळसर झाली की प्रत्येक फांदी साधारण अर्ध्यावर कापा. काडीसारख्या बारीक, वाळक्या आणि आतल्या आत एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. वेलासारखे लांबच लांब गेलेले फुटवे असतील तर त्यांच्यावर माया करू नका, त्यांना कळ्या क्वचित येतात. उरलेली जुनी पानंसुद्धा हाताने ओरबाडून काढायची (जपून, साल सोलू देऊ नका). मग वरची दोन इंच माती उकरून बाहेर, तिथे दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, भरपूर पाणी, आणि कुंडी जिथे सगळ्यात जास्त ऊन येतं तिथे. दोन-तीन आठवड्यांत पोपटी फुटवे दिसतात, मार्च अखेरीस कळ्या.

मोगऱ्याला फुलंच येत नाहीत अशी तक्रार घेऊन जे येतात त्यातल्या बहुतेकांची कुंडी सावलीत असते किंवा कोणीतरी युरिया घातलेला असतो. पाच-सहा तास ऊन नसेल तर कितीही खत घाला, उपयोग नाही. बहर ओसरला की प्रत्येक फुलाखालची दोन पानं सोडून टोक खुडत राहायचं, म्हणजे पुढचा बहर लवकर धरतो.

जास्वंद: गावठी असेल तर एक तृतीयांश बिनधास्त कापा. हायब्रिड मोठ्या फुलांची असेल तर जपून, ती फार हळू सावरते, नुसती टोकं छाटा.

शेवंती: फुलं संपली की झाड पाच-सहा इंचांवर कापायचं. बुंध्याभोवती जे छोटे मुनवे फुटलेले दिसतात ते मुळासकट वेगळे करून लहान कुंड्यांत लावा आणि पूर्ण उन्हाळा सावलीत सांभाळा. मूळ झाड बऱ्याचदा थकतं, पुढच्या दिवाळीनंतरची फुलं या पिल्लांना येतात.

कढीपत्ता: फेब्रुवारीत शेंडे कापा म्हणजे बाजूने फुटेल. त्या निमित्ताने चटणीही होते.

तुळस: मंजिऱ्या खुडा, वाळक्या काड्या काढा, बास.

आणि आता हात लावायचा नाही अशी मंडळी. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात होते. फेब्रुवारीत त्याला बुटका करून टाकायचा सल्ला थंड देशांचा आहे, इथे तसं केलं तर कोवळे फुटवे थेट मार्चच्या उन्हात सापडतात. फक्त सुकलेली फुलं आणि मेलेल्या काड्या काढा. बोगनवेल आत्ता रंगात यायला लागते, ती फुलून गेल्यावर कापा. लिंबाला या सुमारास फुलं येतात (या बहराला आंबे बहार म्हणतात), तेव्हा छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही, आणि फुलांवर फवारणी तर अजिबातच नाही, नाहीतर मधमाश्या फिरकणार नाहीत.

चाफ्याच्या फांद्या लावायला मात्र हेच दिवस चांगले. हातभर फांदी कापा, चीक गळू द्या, चार-आठ दिवस सावलीत नुसती ठेवून कापलेला भाग सुकू द्या आणि मगच मातीत खोचा. ओली फांदी लगेच लावली की खालून मऊ पडते.

३. कुंडी बदलणं

सगळ्या कुंड्या दरवर्षी बदलायच्या नसतात. खालच्या भोकातून मुळं बाहेर आलीयत, पाणी घातलं की सर्रकन खाली निघून जातं, किंवा गेल्या वर्षभरात झाड जिथल्या तिथे आहे, अशांपुरतंच करा.

आदल्या संध्याकाळी पाणी घाला म्हणजे मातीचा गोळा सुटत नाही. कुंडीच्या कडेने चाकू फिरवा, कुंडी आडवी करून थोपटा, खोड धरून खेचू नका. बाहेर आलेल्या गोळ्याभोवती मुळांचं जाळं गोल-गोल गुंडाळलेलं दिसेल, ते बोटांनी सैल करा आणि बाहेरचं खालचं मिळून पाव-एक भाग कापून टाका. होय, कापायचंच, तसंच ठेवलं तर मुळं नवीन मातीत शिरतच नाहीत. मिक्स साधं: दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. तळाच्या भोकावर कौलाचा किंवा फुटक्या कुंडीचा तुकडा ठेवा, भोक बंद करायचं नाही, नुसतं झाकायचं. वर दोन इंच जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात पाणी थांबणार कुठे.

नवीन कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी घ्या. "एकदाच मोठी घेऊ" म्हणून छोटं झाड ड्रमात लावलं की मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि सडते. लावल्यावर आठवडाभर सावली, तीन आठवडे वेगळं खत नाही.

मोठ्या जड कुंड्या, जुना चाफा वगैरे, काढायच्या भानगडीत पडू नका, पाठ धरते. वरची तीन-चार इंच माती काढून नवीन मिक्स भरलं तरी वर्ष निघतं.

४. खत

हे पटकन. छाटलेल्या झाडांना आत्ता एकदा गांडूळखत, मग मार्च मध्यापर्यंत पंधरा दिवसांनी पातळ द्रवखत, आणि एप्रिल-मे मध्ये जवळपास काही नाही. कडक उन्हात जास्त खत म्हणजे झाडावर ओझं.

द्रवखतासाठी जीवामृत करता येतं. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, चिमूटभर चांगली माती, दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं, दहापट पाणी घालून. फ्लॅटमध्ये करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. वास येतो, उगाच खोटं कशाला सांगा. नाहीतर गांडूळखत पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेलं पाणीसुद्धा चालतं.

५. उन्हाळी भाज्या पेरणं

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारलं, लाल माठ या सगळ्यांची पेरणी जानेवारी मध्य ते फेब्रुवारी अखेर. रात्री फार गारठा असेल तर भेंडी उगवत नाही, बी आत कुजतं, म्हणून थंडी जरा ओसरल्यावर पेरा. बी रात्रभर भिजवा, पेरभर खोल, एका बारा इंची बॅगेत दोन झाडं पुरेत. चारच झाडं लावून घरच्या भेंडीची भाजी होईल असं समजू नका, एका वेळी चार-पाच भेंड्या निघतात, त्या फ्रीजमध्ये जमवत बसावं लागतं. घरात तीन माणसं असतील तर आठ-दहा झाडं हवीत.

बियाण्यात भेंडीसाठी परभणी क्रांती आणि गवारीसाठी पुसा नवबहार ही जुनी सरळ वाणं आहेत, यांचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. पाकिटावर एफ-१ (म्हणजे संकरित) लिहिलं असेल तर ते बी धरून उपयोग नाही, पुढची झाडं तशीच निघतील याची खात्री नसते.

कोबी, फ्लॉवर, मटार, गाजर यांचा सीझन गेला. दुकानात पाकिटं वर्षभर लटकत असतात आणि त्यावर "बारमाही" पण छापलेलं असतं, विश्वास ठेवू नका. कोथिंबिरीची शेवटची पेरणी फेब्रुवारीत, धने रगडून दोन भाग करून. नंतर ती उगवते पण लगेच फुलावर जाते.

वेलवर्गीय भाज्यांत एक गोष्ट हमखास होते: वरच्या मजल्यावर माश्या-मधमाश्या कमी, त्यामुळे चिमुकलं फळ दिसतं आणि पिवळं पडून गळतं. मग हाताने परागीकरण करायचं. मादी फुलाखाली छोटं फळ असतं, नर फुलाला नुसता देठ. नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. काकडीची फुलं सकाळी उमलतात पण दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी, म्हणजे सकाळी सातला ब्रश घेऊन दुधीपाशी गेलात तर फूल मिटलेलं सापडणार. सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलंच येतात, घाबरू नका.

६. कीड: फेब्रुवारीतच गाठा

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. पहिल्या आठवड्यात बघितलं तर दोन शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले की विषय संपतो, मार्च अखेरपर्यंत दुर्लक्ष केलं तर सगळी गच्ची पांढरी. मुंग्यांची रांग दिसली तर समजा वर काहीतरी आहे, कारण मिलीबग आणि मावा जो गोड चिकटा सोडतात तो खायला मुंग्या येतात आणि त्यांची राखणही करतात.

आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवा. मग एक लिटर कोमट पाण्यात एक-दोन मिली लिक्विड सोप आणि त्यात पाच मिली नीम ऑइल, या क्रमानेच, साबण आधी नाही घातला तर तेल वर तरंगतं आणि एकाच पानावर सगळं पडतं. संध्याकाळी फवारायचं, उन्हात फवारलं तर पानं करपतात. पानांच्या खालच्या बाजूला विशेष. आठ दिवसांनी परत, आणि परत, एका फवारणीत कोणी मरत नाही.

मिरचीची पानं वर वळून चुरगळली तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स). निळे चिकट सापळे लावा, रोगट शेंडे काढा. पण पूर्ण झाड आखडलं असेल तर व्हायरस धरून काढून टाका, शेजारच्या झाडांना तरी वाचवा.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असली तर ते फुलपाखराचं पिल्लू आहे. झाड मोठं असेल तर खाऊ दे चार पानं.

७. पुष्पप्रदर्शनातला मोह

जानेवारीच्या शेवटी पुण्यात एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन असतं, मुंबईत राणीच्या बागेत भरतं. जरूर जा. पण तिथे फुललेली पिटुनिया, पॅन्झी, डेलिया बघून गाडी भरून आणू नका, ही हंगामी झाडं मार्चमध्ये उन्हाने जाणारच, तुमची काही चूक नसते. तेच पैसे मोगरा, सदाफुली, अनंत, कुंड्या किंवा चांगल्या खतावर घाला.

८. आच्छादन, सावली, पाणी

याच दिवसांत रस्त्याकडेचे बदाम, साग, पिंपळ पानं टाकतात. सफाईवाल्या मावशींना सांगून ठेवा, दोन-चार पोती आरामात मिळतात, आणि तेवढीच पानं जाळली जायची वाचतात. प्रत्येक कुंडीत दोन इंच थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका, दोन बोटं लांब ठेवा. मातीतला ओलावा टिकतो आणि पावसाळ्यापर्यंत निम्मं त्याचं खतच झालेलं असतं. उसाची चिपाडंही चालतात पण रसवंतीवाल्याकडून आणल्यावर आधी धुऊन वाळवा, नाहीतर मुंग्यांना आमंत्रण.

शेडनेट मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लावा, त्याआधी नको. नुकत्याच फुटलेल्या झाडांना आत्ता ऊन हवंय. पन्नास टक्केच घ्या, दुकानदार पंचाहत्तरची गळ्यात मारतो, त्याखाली फुलं येत नाहीत. बांधताना झाडांच्या वर दोन फूट मोकळी राहील अशी आणि पश्चिमेची बाजू खाली ओढून, कारण भाजतं ते दुपारनंतरचं ऊन आणि तापलेली भिंत. मोगऱ्याला नेटबाहेरच ठेवा, त्याला ऊन आवडतं.

पाणी सकाळी, बोट दोन पेरं मातीत घालून बघूनच. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या सगळ्यात जास्त तापतात, त्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवा किंवा मधे, इतर कुंड्यांच्या आड. आरओचं वाया जाणारं पाणी रोज घालू नका, क्षार साठून पानांच्या कडा जळतात. निम्मं साधं पाणी मिसळून अधूनमधून चालेल. एसीचं पाणी बिनधास्त घाला.

मे महिन्यात गावी जाणार असाल तर त्याची तयारीही आत्ताच करून बघा. सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र जवळजवळ, पालापाचोळ्याचा थर जाड, आणि मधे पाण्याची बादली थोडी उंचावर ठेवून त्यातून सुती दोरी प्रत्येक कुंडीत दोन इंच खोल खोचायची. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढतच नाही. चार-पाच दिवस निघतात, त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या आणि कोणत्या कुंडीला पाणी घालायचं *नाही* ते कागदावर लिहून द्या, कारण काकू प्रेमाने अडेनियमलाही रोज तांब्याभर घालतात.